न बुजणारी घोडी

इंदापूर रस्त्यावर एका ट्रकचा टायर फुटला आणि आम्ही तिघं सोडून रस्त्यावरचे सगळे दचकले. चहाच्या गाडीवाल्याच्या हातून गाळणं पडलं, सायकलवरची एक मुलगी धडपडत खाली उतरली, केळी घेणाऱ्या बाईनं छातीवर हात ठेवून ट्रकवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. अब्बा आमच्या शहजादी घोडीची मोहरकी धरून रस्त्याच्या कडेला उभे होते, ते तसेच उभे राहिले. शहजादी तशीच उभी राहिली. मी एमआयडीसीतल्या कंपनीतून सुटून घरी निघाले होते, त्यांच्या मागेच होते आणि मीही जागची हलले नाही. पण ती माझी जुनी खोड आहे, तिचं मला काही वाटलं नाही. गाडीवाला गाळणं पुसत अब्बांना म्हणाला, "चाँदभाई, काय जनावर हाय हो तुमचं! कान बी हलवला न्हाय." अब्बांनी मान डोलावली. हल्ली कुणी काहीही म्हटलं तरी ते अशीच मान डोलावतात. बँडवाला सुपारी देवो, नाहीतर शेजारी तक्रार करो.

कान बी हलवला न्हाय. एवढं कौतुक ऐकून मी खरं तर खूश व्हायला हवं होतं, कारण आमच्या घराण्याची अब्रू या एका गोष्टीवर उभी आहे. बारामतीपासून इंदापूरपर्यंत लग्नाच्या घोड्या ठेवणारे बरेच असतील, पण चाँदभाईची घोडी बुजत नाही, असं लोक पत्रिका छापायच्या आधी म्हणतात. बँड कानाशी वाजो, पायाशी फटाक्यांची माळ लागो, घोडी नवरदेवाला पाटावर बसवल्यासारखी घेऊन जाते. तरी त्या संध्याकाळी मी अंगणात खाट टाकून बसले आणि शहजादीचे कान बघत राहिले. घोड्याचे कान कधी स्वस्थ नसतात. शहजादीचेही नव्हते, माशी बसली की हलायचे, बादली दिसली की पुढं यायचे. दिसली की. आधी डोळा वळायचा आणि मग कान. मी मागून भिंतीवर चावी वाजवली. मग पायातली चप्पल आपटली. शेजारच्या अंगणातून कुणीतरी विचारलं, "काय गं अंजुम, विंचू हाय का काय?" मी नाही म्हटलं. शहजादी माझ्याकडं पाठ करून कडबा खात राहिली.

घोडा कशासाठी हवा यावरून कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा ते ठरतं, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले आहे. आमच्या घरात यावर जेवढं बोलणं झालं तेवढं माणसांवर झालं नसेल. भीमथडीची तट्टं एके काळी लढाईवर जायची, तेव्हा उंचीला कुणी विचारत नव्हतं. मिळेल ते खाऊन, दगडाधोंड्यातून, पाठीवर माणूस घेऊन दिवसभर चालेल तो घोडा चांगला. आजोबांच्या काळी टांगे आले, तेव्हा कठीण खुराचा, डांबरी रस्त्यावर न घसरणारा, नाकासमोर बघून चालणारा चांगला ठरला. धनगराला तिसराच हवा. बुटका, भरल्या पाठीचा, दाव्याशिवाय कळपाबरोबर राहणारा, रात्री लांडगा आला तर माणसाच्या आधी ज्याला कळतं असा. आणि रिक्षा आल्यावर टांगे बसले, आजोबांनी लग्नाचा धंदा धरला, तेव्हा घोडी पांढरी हवी झाली. पांढरी, उंच मानेची आणि न बुजणारी. घोडा तोच, चार पायांचा, पण दर वेळी माणसाला त्याच्यात दुसरंच काहीतरी हवं होतं आणि दोन-तीन पिढ्यांत ते त्याला मिळत गेलं. यात जादू काही नाही. हवं ते ठेवायचं, नको ते विकायचं आणि ठेवलेल्यापासूनच पुढची वीण घ्यायची.

न बुजणारी घोडी निवडायची आजोबांची एक रीत होती. शिंगरू जन्मून उभं राहिलं, दूध प्यायला लागलं की आजोबा त्याच्या मागं जाऊन पितळेची थाळी बडवायचे. उडी मारली, आईच्या पोटाखाली शिरलं, की ते शिंगरू मोठं झाल्यावर धनगराला जायचं. नाही हललं, की घरी राहायचं. अम्मा बिचारी थाळीवर पोचे पडतात म्हणून कुरकुरायची. अब्बांनी ही रीत पुढं चालवली आणि वर पांढऱ्या रंगाची अट जास्त कडक केली. तोंड पांढरं, पाय पांढरे, डोळे काचेसारखे निळसर. असल्या घोडीवर नवरदेवाचा फोटो फार छान येतो. नर आमच्याकडं नव्हता. घोडी घेऊन अब्बा इंदापूरला जायचे, तिथं अब्बांच्या एका दोस्ताकडं तसाच पांढरा घोडा होता. तो मूळचा आमच्याच घरचा, आमच्याच थाळीला न हललेला. लहानपणी मी हट्ट करून बरोबर जायचे आणि ऐन वेळी अब्बा मला रसवंतीवर बसवून म्हणायचे, "तू रस पी, मी आलोच." मी रस प्यायचे आणि भिंतीपलीकडचे खुरांचे आवाज ऐकायचे. आत काय चाललं आहे ते मला ठाऊक होतं, पण ठाऊक नसल्यासारखा चेहरा करायला मी तेव्हाच शिकले होते. मग आम्ही एसटीच्या रस्त्याच्या कडेकडेनं घोडी चालवत परत यायचो आणि वाटेत अब्बा सांगायचे की आता आणखी पांढरं होईल, आणखी शांत होईल.

माझीही थाळी झाली होती. हे घरात इतक्या वेळा सांगितलं गेलं आहे की मला ते आठवतं असंच वाटतं. मी पाळण्यात होते, अब्बा गमतीनं थाळी घेऊन मागं गेले आणि बडवली. अम्मा ओरडली, दारातली शेळी उधळली, मी रडले नाही. नुसती आवाजाच्या दिशेनं बघत राहिले म्हणे. अब्बा येईल-जाईल त्याला सांगायचे, "ही आमच्याच जातीची." मला या गोष्टीचा अभिमान होता. शाळेत बाईंनी पट्टी उगारली तरी मी पापणी लववत नसे. अम्मा गेली तेव्हा लोक आले, बायका रडल्या आणि मी सगळ्यांना पाणी देत होते. कोपऱ्यात कुणी म्हणालं, "बिबीजानची पोरगी लई खंबीर." ते ऐकून मला बरं वाटलं, आई मेलेल्या दिवशी मला स्वतःबद्दल बरं वाटलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीत मला टेलिफोन ऑपरेटर म्हणून घेतलं ते याच गुणावर. दिवसभर कानाला हेडफोन, समोर बटणं. कुणी शिव्या देतं, कुणी रडतं, मी त्याच आवाजात "एक मिनिट हं, जोडून देते" म्हणते. एकदा मशीनवर एका कामगाराचा हात गेला, तेव्हा त्याच्या घरी मीच फोन लावला होता. पलीकडून त्याची बायको किंचाळत होती आणि मी तिला दवाखान्याचा पत्ता दोनदा सावकाश सांगितला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. संध्याकाळी घरी येऊन मी भाकरी खाल्ली, झोपही लागली.

अब्बांशीही मी त्याच आवाजात बोलते. खरं तर फारसं बोलतच नाही. चहा, किल्ली, वैरण, जेवण. आमचं घर एवढ्या शब्दांवर चालतं. बँडच्या ढोलताशाला खेटून आयुष्य घालवल्यानं त्यांना कमी ऐकू येतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांना कुणी तसं म्हणत नाही आणि तेही म्हणत नाहीत. बाकीचे लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात. मी नाही. मला वाटायचं, आम्हा बापलेकींना फार बोलावं लागत नाही, आम्ही एका जातीचे. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

शहजादी थाळीला हलली नव्हती. तोंड पांढरं, डोळे निळे, स्वभाव असा की तिच्या पोटाखालून कोंबड्या जायच्या. पण वाढली तसा तिच्या पाठीवर आणि मांडीवर मोठा तांबूस डाग उमटत गेला. अबलख घोडी नवरदेवाला चालत नाही. अब्बांनी एकदा खडूची भुकटी लावून पाहिली, तर वरातीत पाण्याचा टँकर फुटला आणि नवरदेवाच्या पांढऱ्या पँटीवर सगळा राडा झाला. त्यानंतर ती विकायची ठरली. लोणी भापकरकडचा बिरदेव धनगर तिला घेणार होता. त्याची जुनी घोडी आमच्याकडचीच, थाळीला बुजलेली म्हणून काढलेली. ती म्हातारी होऊन मेली होती आणि दसरा झाला की त्याला कळप घेऊन कोकणाकडं निघायचं होतं. "तुमच्या घरचं जनावर डोळं झाकून घ्यावं," असं तो अब्बांना म्हणाला होता. त्याची ती जुनी घोडी मला चांगली आठवते. बिरदेव शेताच्या त्या टोकाहून शीळ घालायचा आणि ती तोंडातला घास टाकून निघायची. मागून मोटार आली की आपली आपण रस्त्याच्या कडेला व्हायची. तिच्या पाठीवर बिऱ्हाड असायचं, बिऱ्हाडावर कोंबड्या बांधलेल्या आणि झोळीत पोर. धनगर बाया पोराला घोडीवर टाकून निर्धास्त पुढं चालतात, कारण मागचं घोडीला कळतं.

आता झोळीत बिरदेवची नात असणार होती. हे मला कंपनीत, दुसऱ्या कुणाचा फोन जोडताना एकदम कळलं. आजवर आमच्या घरातून धनगराकडं गेल्या त्या सगळ्या बुजणाऱ्या, म्हणजे ऐकणाऱ्या. न बुजणारी पहिल्यांदाच चालली होती. मी बटण दाबायची विसरले आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला.

शुक्रवारी कंपनीत माझी दुसरी पाळी होती, दुपारपर्यंत मी घरीच होते. अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेल्यावर मी फडताळातून थाळी काढली, कडब्याच्या गंजीमागं गेले, घोड्यांना मी दिसणार नाही अशा जागी, आणि लाटण्यानं बडवली. पहिला आवाज झाला तेव्हा शेजारची शेळी दावं तोडायच्या बेतात आली. कोंबड्या पत्र्यावर गेल्या. मी गंजीच्या फटीतून बघत होते. शहजादी रवंथ केल्यासारखी तोंड हलवत उभी होती. तिची आई चांदणी, आमची खरी कमावती घोडी, जिच्यावर पणदऱ्यापासून पिंपळीपर्यंतचे नवरदेव बसले आहेत, तिचेही कान सैल. मी पुन्हा बडवली. किती वेळ बडवत होते कुणास ठाऊक. शेवटी मी थाळी खाली ठेवली आणि पुढं आले, तेव्हा मला बघून दोघींनी एकदम कान पुढं केले आणि चांदणी आनंदानं फुरफुरली. मला रडायला आलं नाही, पण राग आला. कुणाचा ते कळेना. आजोबांनी धीट घोडी शोधत शोधत बहिरी घोडी निवडली होती. थाळीला दोन्ही सारख्याच दिसतात. अब्बांनी तशा घोडीला तसाच घोडा दाखवून तो बहिरेपणा पक्का केला.

आणि तेव्हा मला गंगारामकाका आठवले. पिंपळीचे, बौद्ध, माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. ते अजून ईदला आमच्याकडं येतात आणि दर वेळी तीच गोष्ट सांगतात. त्यांच्या लग्नात त्यांनी घोड्यावरून वरात काढायची ठरवली, सासुरवाडीच्या गावात. गाव कुठलं ते मी सांगत नाही. दुसऱ्या कुणी घोडा दिला नाही, आजोबांनी दिला. वरात वेशीत आली तेव्हा काही जणांनी मुद्दाम घोडीच्या पायांत फटाक्यांची माळ टाकली. नवरदेव पडावा, हसं व्हावं, म्हणून. "घोडी हलली न्हाय, अंजुम," गंगारामकाका सांगतात, "माळ संपंपतूर उभी राहिली आन् मग चालायला लागली. मला वाटलं, हिला कळलंय मी कोन हाय ते." ती घोडी म्हणजे चांदणीची आजी. तिथून आमच्या घोडीचं नाव झालं. गंजीपाशी उभी राहून मी विचार करत होते की तिलाही ऐकू येत नव्हतं, तर त्या दिवसाचं काय होतं? गंगारामकाका घोडीवर ताठ बसले होते, त्यांना फटाके ऐकू येत होते. तेवढं तर कुणी काढून घेऊ शकत नाही. पण अब्बांच्या हाती काय राहतं, ते मला सापडेना.

अब्बा नमाजहून आल्यावर जेवताना मी सांगितलं. माझ्या नेहमीच्या आवाजात. "अब्बा, शहजादीला ऐकू येत न्हाय. बिरदेवआबाला देऊ नका." अब्बांनी भाकरी मोडली, मान डोलावली आणि म्हणाले, "व्हय, व्हय. कालवण चांगलं झालंय." मी पुन्हा बोलले असते. पण त्यांचा चेहरा असा निवांत होता, आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समजत होतं की मी जे जे त्यांना सांगितलं, अम्मा गेल्यावर एकदा अंधारात जे सांगितलं तेसुद्धा, त्यातलं बहुतेक त्यांच्यापर्यंत पोचलंच नसणार. मोठ्यानं बोलायचं तर भिंतीपलीकडं शिलाईकाम करणारे, समोरचा किराणावाला, सगळी गल्ली ऐकणार. अब्बांना गुपचूप सांगता येईल असं जगात आता काही उरलं नव्हतं. मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरदेव आला, त्याची बायको बानूबाई आणि कडेवर नात. त्यांचीही एक रीत असते. घोडी नेण्याआधी तिच्या पाठीवर पोर बसवून बघतात. तिनं अंग झटकलं नाही, मान मागं वळवली नाही, तर ती घरची झाली. बानूबाईनं घोंगडी टाकली, पोरीला वर बसवलं, बिरदेव झोळीची गाठ मारायला लागला. शहजादी पाटासारखी उभी. पोरगी आयाळ ओढून हसत होती. बानूबाई म्हणाली, "बया, किती गुनाची हाय." अब्बांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी वरातीतही कधी पाहिलं नव्हतं. खपली नाही म्हणून काढलेली घोडी चांगल्या घरी चालली होती.

मी पुढं झाले. "अब्बा, तिला ऐकू येत न्हाय," मी म्हणाले. ऑपरेटरचा आवाज, हळू, सपाट. पोरीच्या हसण्यात बिरदेवला शब्द कळले नसावेत, त्यानं गाठीवरून मान वर करून अब्बांकडं पाहिलं. अब्बा हसले आणि त्याला म्हणाले, "पोरीच्या जिवावर आलंय बघा. ल्हानपनापास्नं हिनंच वैरण घातलीया." बिरदेवही हसला. "येत जा की गं लोणीला. तुजीच हाय म्हनायची," म्हणाला आणि गाठ आवळली. मी बिरदेवला बाजूला घेऊन सांगू शकले असते. तो घोडी तिथंच सोडून गेला असता आणि लोणीला पोचेपर्यंत, चाँदभाईनं जाणूनबुजून बहिरं जनावर गळ्यात मारलं, असं झालं असतं. ते खोटं होतं. अब्बांनी स्वतःच नाही म्हणायला हवं होतं आणि त्यासाठी त्यांना ऐकू जायला हवं होतं. हे सगळं मला अगदी थंड डोक्यानं दिसत होतं. थंड डोकंच माझी लायकी होती. पोरीचा पाय झोळीच्या बाहेर आला होता, पायात काळा दोरा होता आणि मला वाटलं, शहजादीला ऐकू येत नाही म्हणून ती गप्प आहे. मला तर सगळं ऐकू येतं.

मी ओरडले. तो आवाज माझा आहे हे मलाच कळलं नाही. चिरका, फाटका, गावठी. "अब्बा! ती बहिरी हाय! चांदणी बी बहिरी हाय! आपल्या समद्या घोड्या बहिऱ्या हायेत, अब्बा! मागनं ट्रक आला तर हिला कळायचं न्हाय!" पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. किराणावाला दारात आला. बानूबाईनं झडप घालून पोरीला धरलं, पोरगी भोकाड पसरून रडायला लागली आणि बिरदेवची बोटं आवळलेली गाठ सोडायला लागली. तो अब्बांकडं बघत नव्हता, गाठीकडंच बघत होता. शहजादीनं पाय बदलला आणि पुन्हा उभी राहिली.

अब्बा माझ्याकडं बघत होते. हातात मोहरकी तशीच. त्यांचा चेहरा सावकाश उतरला, ओठ थोडे हलले. माझी खात्री आहे की त्यांना ऐकू गेलं होतं, सगळंच्या सगळं. मग त्यांनी डावा हात कानामागं नेला आणि हळूच, विनवल्यासारखं विचारलं, "काय म्हनलीस, पोरी?" दुसरं काहीतरी म्हणायला त्यांनी मला जागा करून दिली होती. सगळी गल्ली थांबली होती. याआधी त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी त्यांच्या अगदी जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि तितक्याच मोठ्यानं तेच पुन्हा सांगितलं.